हर्बेरियमचे डिजिटायझेशन आणि चिठ्ठीवरचे गाव

एकोणिसाव्या शतकाच्या मध्यात जोसेफ हूकर आणि टॉमस टॉम्सन या ब्रिटिश वनस्पतिशास्त्रज्ञांनी भारतातून गोळा झालेल्या वाळवलेल्या वनस्पतींचे संच युरोपातील वेगवेगळ्या हर्बेरियमना, म्हणजे अशा वनस्पतींच्या संग्रहांना, वाटले. त्यांत आपल्या पश्चिम किनाऱ्यावरचे कितीतरी नमुने होते आणि त्यांतील पुष्कळांवर एकच छापील चिठ्ठी डकवलेली होती. ‘मलबार, कोकण इत्यादी; संग्राहक स्टॉक्स, लॉ इत्यादी’ एवढाच तिचा मजकूर. आज या शीटांची उत्तम प्रतीची छायाचित्रे घरबसल्या पाहता येतात. चित्र मोठे केले की पानावरची लव दिसते, परागकोशांची ठेवण दिसते आणि कागदाला पडलेले डागही दिसतात. ती फांदी नेमक्या कोणत्या डोंगरावर तोडली, हे मात्र कितीही मोठे केले तरी दिसत नाही, कारण ते लिहिलेलेच नाही.

हर्बेरियमच्या डिजिटायझेशनविषयी आपल्याकडे जेव्हा जेव्हा बोलणे होते, तेव्हा ते कॅमेरा, स्कॅनर, सर्व्हर आणि निधी यांच्याभोवती फिरते. वनस्पतिशास्त्र शिकवण्यात आयुष्य गेल्यावर आणि निवृत्तीनंतर एका महाविद्यालयाच्या हर्बेरियममध्ये चिठ्ठ्या उतरवून घेण्याचे काम करू लागल्यावर माझे मत असे झाले आहे की, या कामातला संवर्धनाच्या दृष्टीने सर्वांत मोलाचा आणि सर्वांत अवघड भाग छायाचित्रणाचा नसून चिठ्ठी वाचण्याचा आहे. महाराष्ट्रातील नमुन्यांची चिठ्ठी नीट वाचण्यासाठी इथली गावे, वाड्या, घाट आणि धरणे माहीत असलेला माणूसच लागतो.

ज्यांनी हर्बेरियम पाहिलेले नाही त्यांच्यासाठी थोडक्यात सांगतो. वनस्पतीची फुलाफळांसह असलेली फांदी किंवा लहान असेल तर मुळासकट पूर्ण झाड टिपकागदात दाबून वाळवतात, साधारण 42 बाय 28 सेंटिमीटरच्या जाड कागदावर शिवतात किंवा चिकटवतात आणि उजवीकडे खालच्या कोपऱ्यात चिठ्ठी लावतात. चिठ्ठीवर वनस्पतीचे शास्त्रीय नाव, ठिकाण, तारीख, संग्राहकाचे नाव आणि त्याचा संग्रहक्रमांक असतो. काळजीपूर्वक काम करणारा संग्राहक फुलाचा रंग, आसपासचा अधिवास आणि स्थानिक नावही लिहितो. पुढे एखाद्या अभ्यासकाने तो नमुना तपासून नाव बदलले, तर तो जुनी चिठ्ठी काढत नाही, शेजारी आपली नवी चिठ्ठी लावतो. त्यामुळे एका शीटवर शंभर वर्षांतील मतभेद एकत्र नांदताना दिसतात. अशा सुमारे 40 कोटी शीट जगभरातील हर्बेरियममध्ये आहेत. हावड्याच्या केंद्रीय राष्ट्रीय हर्बेरियममध्ये सुमारे 20 लाख आहेत. आपल्याकडे पुण्यात भारतीय वनस्पती सर्वेक्षणाच्या पश्चिम विभागीय केंद्राचे आणि आघारकर संशोधन संस्थेचे, तर मुंबईत सेंट झेवियर्स महाविद्यालयातील ब्लॅटर हर्बेरियम ही मोठी नावे. ब्लॅटर हर्बेरियमची सुरुवात 1906 सालची. ज्या स्विस जेझुइट धर्मगुरूंचे नाव त्याला आहे, ते एथेलबर्ट ब्लॅटर आणि त्यांच्यानंतरचे हर्मेनेगिल्ड सांतापाव यांनी सह्याद्रीचा फार मोठा भाग पायी हिंडून पाहिला होता.

मूळ नमुना जपून ठेवलेला असताना छायाचित्राची गरज काय, असा प्रश्न मला अनेकदा विचारला जातो. त्याचे उत्तर बर्लिनमध्ये आहे. 1929 पासून पुढची दहा वर्षे शिकागोच्या फील्ड म्युझियमचे फ्रान्सिस मॅकब्राइड हे युरोपातील हर्बेरियममध्ये जाऊन दक्षिण अमेरिकेतील वनस्पतींच्या टाइप नमुन्यांची, म्हणजे ज्या नमुन्यावरून एखाद्या जातीचे पहिले वर्णन केले गेले त्या मूळ नमुन्यांची, कृष्णधवल छायाचित्रे काढत होते. बर्लिन-डालेमचे हर्बेरियम तेव्हा जगातील अग्रगण्य संग्रहांपैकी एक होते. मार्च 1943 मध्ये बाँबहल्ल्यात त्याला आग लागली आणि लाखो नमुने जळाले. त्यांतल्या अनेक टाइप नमुन्यांचे आज जे काही उरले आहे, ते मॅकब्राइड यांच्या निगेटिव्हवर आहे. दक्षिण अमेरिकेच्या वनस्पतींवर काम करणारे संशोधक आजही ती छायाचित्रे वापरतात. युद्धच व्हायला हवे असेही नाही. 2017 साली पॅरिसच्या संग्रहालयाने ऑस्ट्रेलियातील अभ्यासकांसाठी टपालाने पाठवलेले एकोणिसाव्या शतकातील नमुने, सोबतची कागदपत्रे अपुरी असल्याच्या कारणावरून, तिथल्या जैवसुरक्षा अधिकाऱ्यांनी जाळून टाकले. आपल्याकडे तर आगीची वाट पाहावी लागत नाही. कोकणातला आणि घाटमाथ्यावरचा पावसाळा, बुरशी आणि वाळलेल्या वनस्पती पोखरणारे बारीक भुंगेरे हे काम गुपचूप करीत असतात, आणि कपाट दोन पावसाळे उघडले गेले नाही तर सूर्यफुलाच्या कुळातील नमुन्यांचा नुसता भुगा हाती येतो.

महाराष्ट्राच्या बाबतीत आणखी एक कारण आहे. इथल्या असंख्य वनस्पतींचे पहिले वर्णन इंग्रज अमदानीत डॅल्झेल, गिब्सन, हूकर, कुक अशा मंडळींनी केले आणि त्यांचे टाइप नमुने लंडनजवळच्या क्यू इथल्या वनस्पती उद्यानाच्या हर्बेरियममध्ये किंवा अन्य परदेशी संग्रहांत गेले. कोल्हापूरच्या किंवा नाशिकच्या विद्यार्थ्याला आपल्या डोंगरावर सापडलेली वनस्पती नवी आहे की जुनीच, हे ठरवायचे तर तो मूळ नमुना पाहणे अनिवार्य असते, आणि एका पिढीपूर्वी हे जवळजवळ अशक्य होते. आता चित्र उघडून तुलना करता येते. क्यूने आपल्या 70 लाखांहून अधिक नमुन्यांच्या संपूर्ण डिजिटायझेशनचा प्रकल्प हाती घेतला. पॅरिसने त्याआधीच आपल्या प्रचंड संग्रहाची छायाचित्रे काढली. ब्राझीलने 2010 साली ‘रिफ्लोरा’ हा कार्यक्रम सुरू केला आणि क्यू व पॅरिस इथे असलेल्या ब्राझीलच्या नमुन्यांच्या प्रतिमा मागवून आपल्या देशातील संग्रहांशी जोडल्या. भारतीय वनस्पती सर्वेक्षणाने 2022 मध्ये ‘इंडियन व्हर्च्युअल हर्बेरियम’ सर्वांसाठी खुले केले, तेव्हा त्यावर सुमारे लाखभर नमुने होते. ही सुरुवात मला फार महत्त्वाची वाटते. ब्राझीलसारखी मागणी आपणही सातत्याने करायला हवी, असेही मला वाटते.

छायाचित्रणाची कृती शिकायला सोपी आहे. शीट मऊ कुंचल्याने साफ करायची, बारकोड चिकटवायचा, स्टँडवर उभ्या बसवलेल्या कॅमेऱ्याखाली शीट ठेवून शेजारी मोजपट्टी आणि रंगपट्टी मांडायची आणि दोन्ही बाजूंनी सारखा प्रकाश देऊन छायाचित्र घ्यायचे. सपाट स्कॅनर वापरायचा असेल तर तो उलटा टांगून वापरतात, कारण शीट पालथी केली की सुटलेल्या बिया आणि पाकळ्या गळून जातात. इंचाला 600 बिंदू इतक्या बारकाईने घेतलेली एक प्रतिमा मूळ स्वरूपात सुमारे 200 मेगाबाइटची होते, म्हणजे लाखभर शीटांसाठी 20 टेराबाइट जागा हवी. हे आज लहान संस्थेलाही परवडू शकते. दोन तरुण मदतनीस मिळाले तर हे काम वेगाने पुढे सरकते.

चिठ्ठीपाशी मात्र वेग संपतो. हस्ताक्षर वाचणारी संगणकप्रणाली बरीच सुधारली आहे आणि छापील मजकूर ती चांगला उतरवून देते. परंतु उतरवलेल्या ठिकाणाचे अक्षांश-रेखांश ठरवणे हे वेगळेच काम आहे. ‘फोंडा’ हे एकच उदाहरण घ्या. कणकवली तालुक्यातला फोंडा घाट आणि गोव्यातले फोंडा यांच्यात शंभरेक किलोमीटरचे अंतर आहे, आणि इंग्रजी चिठ्ठीवर दोन्हींचे स्पेलिंग सारखे असू शकते. संग्राहकाची आधीची आणि नंतरची तारीख पाहावी लागते. आदल्या दिवशी तो राधानगरीला होता की मडगावला, यावरून निर्णय होतो. वडगाव, पिंपळगाव, आंबेगाव ही नावे किती तालुक्यांत आहेत हे सांगायला नको. त्यात इंग्रजी लिपीत ळ आणि ल, ट आणि त यांचा भेद हरवतो. ज्याने एसटीच्या पाट्या वाचत प्रवास केला आहे त्याला अंदाजाने नाव ओळखता येते. दूरच्या शहरात कंत्राटाने नोंदी करणाऱ्याला ते जमणार नाही, आणि त्यात त्याचा दोषही नाही.

याहून गंभीर अडचण धरणांची आहे. 1921 ते 1924 या काळात ज्या मुळशीसाठी सत्याग्रह झाला, त्या खोऱ्यातील गावे पाण्याखाली गेली. पुढे कोयनेच्या शिवसागराखाली गेली. डिंभे धरणात जुने आंबेगाव गेले. ही गावे बुडण्यापूर्वी त्या खोऱ्यांतून वनस्पती गोळा करणाऱ्यांच्या चिठ्ठ्यांवर त्या गावांचीच नावे येणार. गावातील माणसे पुनर्वसनात दुसरीकडे गेली आणि त्यांनी आपल्या गावाचे नाव सोबत नेले. कोयनेचे विस्थापित तर सांगली, सोलापूर, रायगड, ठाणे अशा जिल्ह्यांत विखुरले. आता एखाद्याने ते नाव आजच्या नकाशावर शोधले, तर बोट पुनर्वसित वसाहतीवर पडते. मग कोयनेच्या सदाहरित जंगलात वाढणारी एखादी वनस्पती सोलापूरच्या कोरड्या माळावर नोंदली जाऊ शकते. माहितीसाठ्यात शिरलेला असा बिंदू पुढे वितरणाचे नकाशे, हवामानबदलाची प्रारूपे आणि संवर्धनाचे अहवाल यांत निमूटपणे जात राहतो, कारण आकड्यांच्या रांगेत तो इतर बिंदूंसारखाच दिसतो. जुन्या टोपोशीट (सर्वेक्षणाचे तपशीलवार नकाशे), महसुली नोंदी आणि त्या गावातील वृद्ध माणसांची आठवण यांच्या आधारेच तो टाळता येतो. आणि पाण्याखालच्या गावाची ती शीट म्हणजे त्या जागी काय वाढत होते याचा कधी कधी एकमेव पुरावा असतो, म्हणून मी अशा चिठ्ठीवर लागेल तितका वेळ घालवतो.

जिथे निश्चित सांगताच येत नाही, तिथे अनिश्चितता प्रामाणिकपणे नोंदवण्याची सोय आहे. बिंदूसोबत त्रिज्या लिहायची: हे ठिकाण या बिंदूपासून अमुक किलोमीटरच्या आत कुठेतरी आहे. ‘मलबार, कोकण इत्यादी’ या चिठ्ठीसाठी ती त्रिज्या इतकी मोठी होईल की बिंदू न देणेच योग्य. परंतु ‘खंडाळा, सप्टेंबर’ असे असेल तर चारपाच किलोमीटरची त्रिज्या देऊन तो नमुना कामाला लावता येतो.

कामाला लावता येतो म्हणजे काय, तेही सांगायला हवे. एखादी जाती किती धोक्यात आहे हे ठरवताना आंतरराष्ट्रीय निसर्ग संवर्धन संघाच्या निकषांत दोन क्षेत्रफळे मोजली जातात. ज्ञात ठिकाणांच्या सर्वांत बाहेरच्या बिंदूंना जोडून होणाऱ्या आकृतीचे क्षेत्र हे पहिले, आणि दोन किलोमीटर बाजूच्या चौकटींची जाळी टाकून त्यांतल्या जितक्या चौकटींत ती जाती आहे त्यांचे एकूण क्षेत्र हे दुसरे. पहिले 5,000 चौरस किलोमीटरपेक्षा किंवा दुसरे 500 चौरस किलोमीटरपेक्षा कमी असेल आणि त्यासोबत अधिवासाचा सततचा ऱ्हास, ठिकाणांची अल्प संख्या यांसारख्या अटी पूर्ण होत असतील, तर जाती ‘संकटग्रस्त’ ठरू शकते. म्हणजे चिठ्ठीवरील एक गाव चुकीच्या जिल्ह्यात पडले, तर आकृती पसरते आणि जी वनस्पती खरोखर संपत चालली आहे ती कागदावर सुरक्षित दिसू लागते.

शिवसुमन हे याचे जवळचे उदाहरण. कड्यांच्या फटींतून लोंबणारी ही मांसल वनस्पती केवळ महाराष्ट्रात आढळते. पावसाळ्यात तिला पाने येतात आणि पावसाळ्याच्या अखेरीस ताऱ्याच्या आकाराची, लालसर, पिवळे ठिपके असलेली फुले येतात. डॅल्झेल यांनी 1860 च्या दशकात तिचे वर्णन केले आणि तेव्हाचे मुंबईचे गव्हर्नर बार्टल फ्रिअर यांच्यावरून तिला ‘फ्रेरिया इंडिका’ असे नाव दिले. पुढे ती ‘कॅरलुमा’ या प्रजातीत (जीनसमध्ये) गेली, त्यानंतर ‘ब्युसेरोशिया’मध्ये. प्रत्येक संग्रहात ती तिथल्या अभ्यासकाने मान्य केलेल्या नावाखाली, निरनिराळ्या कपाटांत ठेवलेली असू शकते. डिजिटल नोंदीत समानार्थी नावे एकमेकांना जोडली नाहीत, तर एका नावाने शोधणाऱ्याला निम्मेच नमुने मिळतील. शिवाय मांसल वनस्पती दाबून वाळवली की काळी पडते आणि रंगरूप जाते; शीटच्या छायाचित्रातून तिच्या फुलाची कल्पना येत नाही. अशा वेळी संग्राहकाने चिठ्ठीवर लिहिलेली ‘फूल किरमिजी, कड्यावर, ईशान्येकडे तोंड’ अशी ओळच खरी माहिती देते. कारवीचेही तसेच आहे. साधारण सात-आठ वर्षांनी एकदा ती डोंगरच्या डोंगर फुलवते, आणि कोणता डोंगर कोणत्या वर्षी फुलला हे वेगवेगळ्या संग्रहांतील शीटांच्या तारखा एकत्र मांडल्याशिवाय कळत नाही. एकाच हर्बेरियममध्ये बसून ते चक्र उभे राहत नाही.

अर्थात, या नोंदींतून दिसणारे चित्र तिरपे असते हेही लक्षात ठेवले पाहिजे. मुंबई-पुण्याचे संग्राहक जिथे रेल्वे आणि गाडीरस्ता पोहोचला तिथे अधिक गेले. खंडाळा, माथेरान, महाबळेश्वर यांच्या शीटांनी कपाटे भरली आहेत, तर आडवाटेवरच्या डोंगररांगांच्या शीट हाताच्या बोटांवर मोजण्याइतक्या. नकाशावर रिकामी जागा दिसली म्हणजे तिथे वनस्पती नाही असा अर्थ होत नाही; तिथे कोणी गेले नाही, एवढेच सिद्ध होते. डिजिटायझेशनमुळे ही पोकळी पहिल्यांदा स्पष्ट दिसते, आणि नव्या सर्वेक्षणासाठी कुठे जावे हे ठरवता येते. दुसरीकडे, नवे शोधण्यासाठी जंगलातच जावे लागते असेही नाही. 2010 साली प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात असे दिसले की, नव्याने वर्णन झालेल्या सपुष्प वनस्पतींपैकी फक्त 16 टक्के जातींचे वर्णन पहिला नमुना गोळा केल्यापासून पाच वर्षांच्या आत झाले होते, आणि जवळपास एक चतुर्थांश जातींच्या बाबतीत नमुना पन्नास वर्षांहून जुना होता. म्हणजे अजून नाव न मिळालेल्या कित्येक वनस्पती कपाटांतच पडून आहेत.

या सगळ्या उघडेपणाला मी एक मर्यादा मानतो. दुर्मीळ कंदीलपुष्पांचे कंद, रानातली ऑर्किडे, औषधी मुळ्या यांना बाजार आहे. त्यांच्या नेमक्या जागेचे अक्षांश-रेखांश कोणालाही एका क्लिकवर देणे म्हणजे ती जागा उपटून नेणाऱ्याच्या हाती देणे होय. वर शिवसुमनाविषयी लिहिताना मी किल्ल्यांची आणि डोंगरांची नावे जाणीवपूर्वक टाळली आहेत. शास्त्रीय माहितीसाठ्यांत अशा जातींचे स्थान ढोबळ करून दाखवण्याची आणि अचूक बिंदू केवळ अभ्यासकाला विचारणेनंतर देण्याची पद्धत रूढ आहे, ती आपल्याकडेही काटेकोर पाळली जावी. मात्र शीटच्या छायाचित्रात चिठ्ठी जशीच्या तशी वाचता येते, हे अनेकदा विसरले जाते. नोंदीत बिंदू लपवायचा आणि चित्रात गाव, वाडी, ओढा सगळे दाखवायचे, याला अर्थ नाही. अशा शीटांच्या सार्वजनिक प्रतिमेत चिठ्ठीचा तो भाग झाकलाच पाहिजे.

मला सर्वाधिक काळजी मोठ्या संस्थांची नाही, जिल्ह्याच्या आणि तालुक्याच्या महाविद्यालयांतल्या कपाटांची आहे. त्यांपैकी बहुतेक संग्रह कोणत्याही आंतरराष्ट्रीय सूचीत नाहीत. एखाद्या प्राध्यापकाने तीस वर्षे आपल्या परिसरातील माळ, ओढे, देवराया पालथ्या घालून शीट जमवलेल्या असतात. तो निवृत्त होतो, त्याच्या जागी वर्गीकरणशास्त्र जाणणारे कोणी येत नाही, आणि खोली दुसऱ्या कामाला लागते की कपाट व्हरांड्यात येते. देवरायांच्या बाबतीत हे विशेष जाणवते. पुण्याच्या वा. द. वर्तक यांनी माधव गाडगीळ यांच्यासह 1970 च्या दशकात सह्याद्रीतील देवरायांचा अभ्यास केला, त्यानंतर कितीतरी देवरायांत मंदिरांचे जीर्णोद्धार झाले, रस्ते आले, झाडे गेली. त्या जागी पूर्वी कोणती झाडे होती याचे उत्तर अनेकदा जवळच्या महाविद्यालयाच्या कपाटातच असते. म्हणून पैसा आणि माणसे मर्यादित असतील तर माझा आग्रह असा की, पुण्या-मुंबईत वातानुकूलित खोलीत सुरक्षित असलेल्या शीटांआधी या कपाटांतील शीटांची छायाचित्रे घ्यावीत. फिरता कॅमेरा-संच आणि दोन प्रशिक्षित व्यक्ती एका विद्यापीठाने ठेवल्या, तर त्याच्या कक्षेतील महाविद्यालये काही वर्षांत पूर्ण होतील. चिठ्ठ्यांचे वाचन त्या त्या गावच्या विद्यार्थ्यांकडून, माजी शिक्षकांच्या देखरेखीखाली करून घेता येईल.

हे करताना एका गोष्टीकडे दुर्लक्ष होते, ती म्हणजे संग्राहकाच्या रानातल्या वह्या. चिठ्ठीवर जागा थोडी असते, म्हणून माणूस तिथे क्रमांक आणि गाव लिहितो. वहीत मात्र त्याच क्रमांकापुढे कोणत्या वाटेने चढलो, वाटाड्या कोण होता, झाडाला स्थानिक लोक काय म्हणतात, त्याचे पान कशासाठी वापरतात, आसपास आणखी काय होते, हे सगळे असते. यांपैकी बराच मजकूर मराठीत आहे. शीट संस्थेची मालमत्ता म्हणून कपाटात राहते, पण वही संग्राहक घरी नेतो, आणि त्याच्या पश्चात ती रद्दीत जाण्याची शक्यता मोठी असते. वनस्पतिशास्त्राच्या जुन्या शिक्षकांच्या कुटुंबीयांना माझी विनंती आहे की, अशा वह्या मिळाल्या तर त्या टाकू नयेत. प्रत्येक पानाचे मोबाइलवर का होईना, स्वच्छ छायाचित्र घ्यावे आणि ज्या महाविद्यालयात त्यांचे नमुने आहेत तिथे मूळ वही पोहोचवावी. शीटवरचा संग्रहक्रमांक आणि वहीतला क्रमांक जुळला की ‘फोंडा’ कोणता, याचा निर्णय एका ओळीत होतो.